न चाळता विकली गेलेली वही

वह्या बांधण्याचे काम मी अनेक वर्षे हौसेने करत होते. जुजबंदी करून, म्हणजे दुमडलेल्या पानांचे गठ्ठे दोऱ्याने एकत्र गुंफून, शिवलेल्या, कापडी पाठीच्या, सपाट उघडणाऱ्या वह्या आधी ओळखीच्या माणसांना भेट म्हणून दिल्या आणि पुढे प्रदर्शनांत टेबलावर मांडून विकू लागले. तिथे विक्री नेमकी कशी होते हे मी कधी निरखून पाहिले नव्हते. माणूस येतो, वही उचलतो, मधोमध उघडतो, पानावरून अंगठा फिरवतो आणि मग एक तर ती ठेवून देतो किंवा किंमत विचारतो. या सगळ्यात मला फारसे बोलावे लागत नसे, कारण बोलण्याचे काम वही करत असे. ऑनलाइन दुकान काढले आणि वहीची ही वाचाच गेली. त्यानंतरच्या दोन वर्षांत मी जे शिकले ते बहुतेक या एकाच अडचणीपाशी येऊन थांबते: ज्याला वस्तू चाळून पाहता येत नाही, त्याच्या मनातला न विचारलेला प्रश्न आपल्याला आधी कसा कळावा.

दुकान कुठे मांडायचे हा पहिला निर्णय मी फार घोळवला. एट्सीसारख्या २००५ पासून चालू असलेल्या बाजारपेठेत आपले खाते उघडावे, शॉपिफायसारख्या सेवेचे मासिक भाडे भरून तयार दुकान घ्यावे, की वर्डप्रेसवर वूकॉमर्स हे दुकानाचे जोड-सॉफ्टवेअर बसवून स्वतःचे संकेतस्थळ उभारावे, असे तीन मार्ग समोर होते. बाजारपेठेत गर्दी आयती मिळते, पण आपल्या वहीच्या शेजारीच दुसऱ्याची वही मांडलेली असते आणि ग्राहक लक्षात ठेवतो ते बाजारपेठेचे नाव, आपले नाही. तयार दुकानात तांत्रिक देखभालीची चिंता राहत नाही, मात्र विक्री झाली नाही तरी भाडे चुकत नाही. शॉपिफायचा जन्मही अशाच एका छोट्या दुकानातून झाला होता, हे वाचून मला गंमत वाटली. टोबियास ल्युटके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली स्नोबोर्ड विकायला ऑनलाइन दुकान काढले, त्या वेळची सॉफ्टवेअर पसंत पडली नाहीत म्हणून स्वतःची प्रणाली लिहिली आणि २००६ पासून ती इतरांना देऊ केली. मी अखेर वूकॉमर्स घेतले. याचे खरे कारण तात्त्विक नव्हते. मला वर्डप्रेस थोडेफार येत होते, एवढेच. आज कोणी विचारले तर मी सांगेन की ज्याला सर्व्हर, बॅकअप आणि अपडेट हे शब्द ऐकूनच कंटाळा येतो त्याने भाड्याचे दुकान घ्यावे आणि वाचलेला वेळ वस्तूवर घालवावा.

एका बाबतीत मात्र कोणताही मार्ग घेतला तरी सूट नाही. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, आपल्या स्वतःच्या नावावर, आपल्या ईमेलवर आणि आपल्या खात्यातून घेतलेले असले पाहिजे. माझे पहिले डोमेन संकेतस्थळ बांधून देणाऱ्या ओळखीच्या माणसाने सोय म्हणून त्याच्या खात्यातून घेतले. त्याने काम सोडले, नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर जात राहिली आणि नाव परत माझ्या हाती येईपर्यंत सहा आठवडे गेले. संकेतस्थळाशी होणारी जोडणी सुरक्षित असल्याचे ब्राउझरला पटवणाऱ्या सुरक्षा प्रमाणपत्राचेही तसेच. लेट्स एन्क्रिप्टसारखी संस्था २०१५ पासून ही प्रमाणपत्रे मोफत देते, पण माझ्या प्रमाणपत्राची मुदत नव्वद दिवसांची होती आणि ते आपोआप नव्याने घेण्याची व्यवस्था माझ्या सर्व्हरवर एकदा मुकाट्याने बंद पडली. ब्राउझरने दुकानाच्या दारातच धोक्याचा इशारा लावला. हे मला एका ग्राहकाच्या पत्रातून कळले. ज्यांनी पत्र लिहिले नाही ते किती जण परत गेले हे मोजण्याचा उपाय नव्हता. तेव्हापासून डोमेन आणि प्रमाणपत्र या दोहोंच्या मुदती माझ्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत हाताने लिहिलेल्या असतात.

छायाचित्रांवर मी सर्वांत जास्त चुका केल्या आणि तिथेच सर्वांत जास्त शिकले. पहिल्या फोटोंत वाळलेली फुले होती, चहाचा कप होता, तिरपी ऊन-सावली होती. वही कुठेतरी मागे होती. ते फोटो सुंदर होते, त्यांची स्तुतीही झाली, पण वही केवढी आहे हे त्यांतून कोणालाच कळत नव्हते. दोन ग्राहकांनी वही मिळाल्यावर ती अपेक्षेपेक्षा लहान निघाल्याचे कळवले. वर्णनात ए५ असे स्पष्ट लिहिले होते, परंतु १४८ गुणिले २१० मिलिमीटर ही मापे वाचून हातभर अंतरावरची वस्तू डोळ्यांपुढे आणणारी माणसे थोडी असतात. मग मी प्रत्येक वहीचा एक फोटो हातात धरलेला, एक मधोमध सपाट उघडलेला, एक पाठीच्या शिलाईचा अगदी जवळून आणि एक कडेने जाडी दाखवणारा, असे ठरवून टाकले. प्रदर्शनातला माणूस वही ज्या क्रमाने पाहत असे तोच हा क्रम आहे, हे मला नंतर ध्यानात आले.

रंगाने वेगळाच त्रास दिला. गर्द हिरव्या कापडाची वही पडद्यावर निळसर दिसत होती, कारण मी खिडकीचा उजेड आणि खोलीतला पिवळा दिवा असे दोन्ही एकाच वेळी वापरत होते आणि कॅमेऱ्याला पांढरा कोणता हेच ठरवता येत नव्हते. त्या एका रंगाच्या तीन वह्या परत आल्या. आता दिवा बंद असतो, थेट ऊन टाळून खिडकीशेजारी टेबल असते, समोरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा केलेला असतो आणि सुरुवातीचा एक फोटो राखाडी कार्डाचा घेऊन त्यावरून रंगांचा तोल बसवला जातो. त्याशिवाय वर्णनात रंग शब्दांनीही लिहिते, कारण प्रत्येकाचा पडदा निराळा. फोटोंच्या आकाराबद्दल एवढेच सांगते की फोनमधून निघालेला पाच मेगाबाइटचा फोटो तसाच चढवू नये. मी रुंदी १६०० पिक्सेलवर आणून वेबपी या कमी जागा घेणाऱ्या स्वरूपात साठवू लागले आणि पान उघडण्याचा वेळ निम्म्याहून कमी झाला. पानावरचा सर्वांत मोठा घटक अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असा गूगलचा निकष आहे. माझे मुख्य पान आधी सात सेकंद घेत होते.

वर्णने मी आधी ललित लिहिली होती. ‘आठवणींना घर देणारी वही’ असे एक वाक्य त्यांत होते, ते आठवले की अजून संकोच वाटतो. त्या काळात आलेली प्रश्नांची पत्रे मी एका फाइलमध्ये साठवत होते. एके दिवशी ती सलग वाचली, तेव्हा साठ-सत्तर पत्रांत मिळून जेमतेम नऊ निरनिराळे प्रश्न निघाले. शाईपेनाने लिहिले तर शाई मागच्या पानावर उमटते का, वही हात न ठेवता उघडी राहते का, पाने कोरी आहेत की आखीव, किती पाने आहेत, फाडलेल्या पानामुळे जोडीचे पान सुटते का, आणि असेच काही. यांतला एकही प्रश्न आठवणींविषयी नव्हता. मी सगळी वर्णने पुसली आणि त्या नऊ प्रश्नांची उत्तरे साध्या वाक्यांत लिहिली. कागद शंभर जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला शंभर ग्रॅम वजनाचा), पाने ९६ म्हणजे पृष्ठे १९२, बारीक निबेने शाई उमटत नाही, जाड निबेने ओली शाई वापरल्यास मागे सावली दिसते. ही शेवटची कबुली देताना हात अडखळला होता. प्रत्यक्षात तिच्यामुळे परत येणाऱ्या वह्या कमी झाल्या आणि नेमकी हीच माहिती शोधणारे लोक दुकानात येऊ लागले, त्याविषयी पुढे लिहिते.

वजनाचा हिशेब हा या व्यवसायातला सर्वांत नीरस आणि सर्वांत महाग धडा ठरला. शंभर जीएसएमच्या ए५ आकाराच्या एका पानाचे वजन साधारण ३.१ ग्रॅम भरते, त्यामुळे ९६ पानांचे तीनशे ग्रॅम आणि पुठ्ठा-कापड धरून वही सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास जाते. अर्धा किलोच्या दराने कुरिअर बसेल असे धरून मी किमती ठरवल्या. पहिल्या महिन्याचे बिल आले तेव्हा प्रत्येक पार्सलला दीड किलोचा दर लागला होता. कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचे वजन यांतले जे जास्त त्याचे पैसे घेतात, हे मला ठाऊक नव्हते. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि बहुधा ५००० ने भागायचे, की किलो निघतात. माझा खोका ३० गुणिले २२ गुणिले १० असा ऐसपैस होता, म्हणजे १.३२ किलो, आणि दर पुढच्या टप्प्याचा. २४ गुणिले १८ गुणिले ५ असा खोका करून घेतल्यावर आकारमानाचे वजन ०.४३ किलोवर आले. नव्या खोक्यात भरणीला जागा उरली नाही म्हणून कोपरे चेपण्याची भीती होती. त्यासाठी पाच थरांचा कोरुगेटेड पुठ्ठा घेतला, वहीच्या चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या पुठ्ठ्याच्या टोप्या घातल्या आणि भरलेला खोका कमरेएवढ्या उंचीवरून दहा वेळा, दर वेळी निराळ्या कोपऱ्यावर, जमिनीवर टाकून पाहिला. घरच्यांना तो प्रकार चमत्कारिक वाटला.

वाहतुकीचा खर्च ग्राहकाला कधी दाखवायचा यावरही माझे मत बदलले. तो अगदी शेवटच्या पायरीवर दिसत असे आणि तिथेच लोक निघून जात. ऑनलाइन खरेदीच्या टोपल्या भरून तशाच सोडून देण्याचे प्रमाण ऑनलाइन दुकानांचा अभ्यास करणाऱ्या बेमार्ड इन्स्टिट्यूटने अनेक अभ्यासांच्या सरासरीतून सुमारे ७० टक्के काढले आहे, आणि सोडण्याच्या कारणांत शेवटी वाढलेला खर्च सर्वांत वर असतो. मी बहुतांश वाहतूक किमतीतच मिसळली आणि उरलेली रक्कम वहीच्या पानावरच किमतीखाली लिहिली. टोपल्या सोडणे थांबले नाही, पण शेवटच्या पायरीवरून परतणारे लक्षणीय कमी झाले.

पैसे स्वीकारण्याची व्यवस्था चाचणीच्या खात्यावर निर्दोष चालत होती. खऱ्या ग्राहकांच्या हाती गेल्यावर एक फट दिसली. पैसे भरून झाल्यावर ग्राहक परत दुकानाच्या पानावर येण्याआधीच खिडकी बंद करत असे आणि मग पैसे कापलेले, पण ऑर्डरची नोंद नाही, अशी अवस्था होई. यावरचा उपाय वेबहुक नावाचा आहे. पैसे मिळाल्याचा निरोप पेमेंट गेटवेने, म्हणजे ग्राहकाकडून ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या सेवेने, ग्राहकाच्या ब्राउझरवर विसंबून न राहता थेट आपल्या सर्व्हरला द्यायचा. ही सोय गेटवेत होती, मी ती जोडली नव्हती. तसेच ऑर्डर मिळाल्याची माझी पत्रे बऱ्याच जणांच्या स्पॅममध्ये जात होती, कारण डोमेनच्या नोंदींत एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क, म्हणजे पत्र खरोखर याच डोमेनचे आहे हे पटवणाऱ्या खुणा, यांतले काहीही भरलेले नव्हते. जीमेल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याचे नियम कडक केले आहेत, तेव्हा छोट्या दुकानालाही हे टाळता येत नाही. पैसे भरल्यावर पोचपावती आली नाही की ग्राहक आपल्याला ठक समजतो, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही तेच समजले असते.

आता प्रसिद्धीविषयी. पहिल्या महिन्यातल्या बावीस ऑर्डरींपैकी एकोणीस ओळखीच्यांच्या होत्या. त्या आनंदात मी दोन महिन्यांचा माल बांधून ठेवला आणि दुसऱ्या महिन्यात चार वह्या गेल्या. ओळखीच्या माणसांची खरेदी हा आशीर्वाद असतो, तो बाजाराचा अंदाज नव्हे. मग इन्स्टाग्रामवर वही शिवतानाचे छोटे व्हिडिओ टाकू लागले. एक व्हिडिओ हजारो लोकांनी पाहिला, सुई आणि मेण लावलेला दोरा यांवर शेकड्याने प्रश्न आले, आणि त्या आठवड्यात विक्री झाली एका वहीची. ज्यांनी तो पाहिला त्यांना वही शिवायला शिकायचे होते, विकत घ्यायची नव्हती. हे मला कळू शकले ते केवळ प्रत्येक ठिकाणच्या दुव्याला वेगळी यूटीएम खूण, म्हणजे पाहुणा कुठून आला हे सांगणारी दुव्यातली जोड, लावली होती म्हणून. ती नसती तर पाहणाऱ्यांचा आकडा बघून मी वर्षभर व्हिडिओच करत बसले असते.

जाहिरातींचा हिशेब मी कागदावर आधी मांडायला हवा होता, तो पैसे गेल्यावर मांडला. वहीची किंमत १०० धरली, तर साहित्य, बांधणीची मजुरी, खोका, वाहतूक आणि गेटवेचे शुल्क वजा जाता माझ्याकडे ३० उरतात. पन्नास पाहुण्यांमागे एक जण खरेदी करतो, असा माझा त्या वेळचा अनुभव होता. म्हणजे एका क्लिकला ०.६ पेक्षा जास्त मोजले की प्रत्येक विक्रीत तोटा. मी मोजत होते १.४. जाहिरात कितीही आकर्षक केली तरी हे गणित सुटत नव्हते; ते सुटायला किंमत वाढवणे, खर्च घटवणे किंवा पन्नासांऐवजी वीस-एकवीस पाहुण्यांत एक खरेदी होणे, यांपैकी काहीतरी घडायला हवे होते. मी तीन आठवड्यांनी जाहिरात बंद केली. जाहिरात वाईट असते असे मी म्हणत नाही. तीन वह्यांचा संच काढल्यावर, एका ऑर्डरीत उरणारी रक्कम दुपटीहून अधिक झाली, तेव्हा ती पुन्हा सुरू केली आणि या वेळी परवडली.

ज्याने खरी विक्री उभी केली ते काम मी प्रसिद्धी म्हणून केलेच नव्हते. शाई मागे उमटण्याचा प्रश्न वारंवार येत असल्याने मी माझ्याजवळच्या चार कागदांवर सहा निरनिराळ्या शायांनी लिहून दोन्ही बाजूंचे फोटो काढले, कोणत्या जोडीत काय झाले ते लिहिले आणि एक पान तयार केले. त्यात दुसऱ्यांच्या कागदांची कुचेष्टा नव्हती आणि माझ्या कागदाचे अपयशही जसेच्या तसे होते. पहिले तीन महिने त्या पानाकडे कोणी फिरकले नाही. चौथ्या महिन्यात, लोक काय शोधून आपल्या पानावर येतात हे दाखवणाऱ्या गूगल सर्च कन्सोलमध्ये दिसू लागले की लोक शाईपेन आणि वही हे शब्द जोडून शोधताहेत आणि या पानावर पोहोचताहेत. ‘हस्तनिर्मित’ हा शब्द मी सगळीकडे मिरवत होते, पण तो टाइप करून येणारा जवळपास कोणी नव्हता. लोक वस्तूचे नाव आणि आपली अडचण शोधतात. कारागिराचे कौतुक त्यांना नंतर सुचते. मग वह्यांच्या पानांची शीर्षकेही मी त्यांच्या शब्दांत बदलली, पत्ते बदलले तिथे जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला आपोआप नव्यावर नेणारे ३०१ पुनर्निर्देशन लावले आणि वर्षअखेरीस निम्म्याहून अधिक विक्री शोधातून येऊ लागली.

ईमेलची यादी मी फार हळू वाढवली. ज्याने स्वतःहून नाव दिले त्यालाच पत्र, महिन्यातून एकापेक्षा जास्त नाही, आणि यादीतून बाहेर पडण्याचा दुवा ठळकपणे दिलेला. यादीत जेमतेम चारशे नावे असताना नव्या कापडाच्या चाळीस वह्या दोन दिवसांत संपल्या होत्या. त्याच वेळी एक फजितीही झाली: तीच वही मी एका बाजारपेठेतही मांडली होती, दोन्हीकडचा साठा एकमेकांशी जोडलेला नव्हता, आणि शेवटची वही दोघांना विकली गेली. ज्या बाईंना वही देता येत नव्हती त्यांना मी सगळे खरे कळवले, पैसे लगेच परत केले आणि पुढच्या खेपेतली पहिली वही राखून ठेवली. त्यांनी नंतर लिहिलेला अभिप्राय अजून माझ्या पानावर सर्वांत वर आहे. अभिप्राय मी वही पोहोचल्यावर दहा दिवसांनी मागते, त्याआधी नाही, कारण चार पाने लिहून झाल्याशिवाय वहीबद्दल सांगण्यासारखे काही नसते.

दुकान वापरायला सोपे आहे की नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी ठरवता येत नाही. शेजारच्या काकूंच्या हाती फोन देऊन मी म्हटले, “काकू, यातली एक आखीव वही टोपलीत टाकून दाखवाल का?” आणि गप्प बसले. काकूंनी तीन वेळा फोटोवर बोट दाबले, मग विचारले, “अगं, आखीव कुठली नि कोरी कुठली, हे लिहिलंयस का कुठे?” लिहिले होते, फिकट राखाडी अक्षरांत. संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नीलसन यांनी २००० साली मांडले होते की पाच माणसांवर चाचणी घेतली तरी बहुतेक अडचणी उघड होतात. मला पहिल्याच माणसात दोन दिवसांचे काम मिळाले.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी स्वतःच्या दुकानातून खरे पैसे भरून एक वही मागवते, तीही संगणकावरून नाही, जुन्या फोनवरून. पत्र येते का, ते कुठल्या पेटीत येते, खोका कसा पोहोचतो, पैसे परत करण्याची विनंती केली तर किती दिवस लागतात, हे सगळे त्यात दिसते. या महिन्यात फोन क्रमांकाच्या रकान्यात आकड्यांऐवजी अक्षरांचा कळफलक उघडत असल्याचे आढळले. बहुधा एखाद्या अपडेटने ते बिघडवले असावे. ती दुरुस्ती काल झाली. मागवलेली वही मात्र अजून वाटेत आहे.